गोदामात कोंडलेली पोरगी

डहाणूला मुलाकडे आल्यापासून मी जेवढे मारामारीचे पिक्चर बघितले, तेवढे सगळ्या जन्मात कसलेच बघितले नव्हते. एक चॅनेल आहे, त्यावर रोज दुपारी एक लागतो. पिक्चर परमुलखातले, पण बोलतात सगळे हिंदीत. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो. बुक्का आधी बसतो, आवाज मागून येतो. आणि प्रत्येकात मारणारी एक पोरगी असते. हिरो नसतोच, असला तर लवकर मरतो.

हे पिक्चर स्वस्तात उरकलेले असतात हे माझ्यासारख्या चौथी पास बाईलाही कळतं. गोदाम एकच. निळी गाडी एकच, तिला कधी धक्कासुद्धा लागत नाही, कारण पुढच्या पिक्चरला ती परत लागणार असते. गुंड मोजके. लाल शर्टवाला जिन्यावरून पडून मेला की थोड्या वेळाने तोच टोपी घालून येतो आणि पुन्हा मरतो. माणूस खोक्यांवर आदळला की खोकी अशी उडतात की आत काही नाही हे दिसतं.

पण पोरगी खरंच मारते. दमते, घामाने केस कपाळाला चिकटतात, कोपर सोललेलं असतं. एका पिक्चरमध्ये तिने मुसळ उचललं होतं. धरलं चुकीचं होतं, तसं धरून भात कांडला असता तर तळहाताला फोड आले असते, पण मारलं बरोबर. मला ती आवडायची.

एकच गोष्ट खटकायची. तिला गोदामात कोंडतात, खांबाला बांधतात, दिवस जातो, रात्र जाते, आणि तिला एकदाही लघवीला लागत नाही.

या गोष्टी मी बारकाईने बघायचे, कारण मलाही कोंडलेलं होतं.

माझं घर तलासरीच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. थोडं भात, वरच्या बाजूला नागली, मागे दोन आंबे. नवरा गेल्यावर मी तिथे एकटीच राहायचे. एकटी म्हणजे अंगणापलीकडे धाकट्या दिराचं घर, त्यात जाऊ आणि पुतण्याचा संसार. शेत एकत्रच कसायचो. गेल्या उन्हाळ्यात विहिरीच्या उतारावर पाय सरकला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत सळई घातली. मुलगा रेल्वेत सिग्नलचं काम करतो. सून कोसबाडच्या बाजूला शाळेवर आहे. त्यांनी मला डहाणूला त्यांच्या फ्लॅटवर आणलं. तिसरा माळा, लिफ्ट नाही. बरी होईपर्यंत राहायचं, असं ठरलं होतं. मी काठी घेऊन घरभर फिरायला लागले, पण मी बरी झाले असं कोणी म्हणेना.

सून वाईट नाही. सकाळी माझ्या पायाला तेल चोळून मग स्वतःची वेणी घालते. मुलगाही वाईट नाही. मला घरी जायचं होतं, एवढीच गोष्ट होती, आणि ती गोष्ट काढली की दोघंही दुसरंच काहीतरी बोलायचे. "आई, तुला केळीचे वेफर्स आणू का?" असं.

पाऊस उघडल्यावर एके दिवशी मी निघाले. दोघंही कामावर गेलेली. जिना बसून उतरले, एकेक पायरी, लहान पोर उतरतं तशी. लुगडं मागून काळं झालं. खाली टमटम मिळाली, ती हायवेला सोडते म्हणाली. विवळवेढ्याला देवळापाशी उतरले, पुढे तलासरीकडे जाणारं काहीतरी मिळेल म्हणून. ऊन फार होतं. डोळ्यांपुढे अंधारी आली तशी मी एका नारळवालीच्या फळीवर बसले. बाई चांगली होती. तिने पाणी पाजलं, आणि मला न विचारता माझ्याच मोबाइलवरून मुलाला फोन लावला.

मुलगा ड्युटी सोडून आला. मला गाडीत घातलं. खरी फजिती पुढे झाली. मला जिना चढवेना. मग प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं, मुलगा पुढे, वॉचमन मागे, मध्ये मी. प्रत्येक माळ्यावर दारं उघडून लोक बघत होते. एक बाई म्हणाली, "अय्या, काय झालं आजींना?" मी म्हटलं, "फिरायला गेले होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सून कुलूप घेऊन उभी.

"आई, रागावू नका. बाहेरच्या जाळीच्या दाराला हे लावून जाते. आतलं लाकडी दार उघडं ठेवा, वारा येईल."

"आणि आग लागली तर?"

"एक चावी समोरच्या गुजराती बांकडे दिलीय. इमर्जन्सीला त्या उघडतील."

"इमर्जन्सी म्हणजे काय?"

"म्हणजे तब्येत बिघडली, काही झालं, तर."

"घरी जायचं असेल तर?"

तिने पर्स खांद्याला लावली आणि जिना उतरली. मास्तरीण आहे. कुठल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही हे तिला कळतं.

तेव्हापासून मी लोखंडी जाळीच्या आत. खिडकीतून चिकूची वाडी दिसायची, म्हणजे तिचे शेंडे दिसायचे. एकदा खालून वाढवणच्या बंदराविरुद्ध घोषणा देत लोक गेले. मला टोप्या आणि डोकी दिसली, तोंडं दिसली नाहीत. गाड्यांचे भोंगे ऐकू यायचे. मुलगा सांगायचा, ही मालगाडी, ही मेमू. मला काय करायचं होतं.

समोरच्या दारातली शेजारीण गुजराती. वयाने माझ्याएवढीच असेल. सगळी तिला बा म्हणतात. मी बेन म्हणते, ती मला बेन म्हणते. तिच्या पोराचं बाजारात दुकान आहे, सून दुकानावर जाते, आणि ही गुडघ्यांमुळे घरात. तिला कुलूप नव्हतं, पण ती जिन्याला घाबरायची. दारात खुर्ची टाकून बसायची. तिचा टीव्ही तिच्या मागे, माझा माझ्या मागे, चॅनेल एकच. मध्ये जिन्याच्या तोंडाचा चौकोन. असे आम्ही पिक्चर बघायचो, मान वळवून वळवून.

"ओ बेन, चालू थयुं!" ती ओरडायची.

"दिसतंय मला."

"आजची छोकरी बारीक आहे. हिला कोण पण फेकून देईल."

"बारीकच चावरी असते. बघा तुम्ही."

पोरगी कोंडली गेली की आमची पैज लागायची, ती बाहेर कशी येणार. बेन म्हणायची दार तोडून. ते कधीच झालं नाही. मी इतके पिक्चर बघितले, कोंडलेल्या पोरीने आतून दार तोडलंय असं एकदाही नाही. बाहेरचा माणूसच दार उघडतो. कोणी जेवण द्यायला, कोणी तिला चिडवायला, कोणी तिचा आरडाओरडा ऐकून. तेवढीच तिची संधी. दार उघडलं की पहिली लाथ.

हे मी बेनला सांगितलं. ती जाळीकडे बघत राहिली. चावी तिच्या देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला लटकत होती, लाल दोऱ्यात. मला आतून ती दिसायची. बेनलाही ठाऊक होतं की मला दिसते.

"तर मग तुमी पण पोट पकडा ने," ती म्हणाली.

"काय?"

"पोट पकडून बोंब मारा. मी उघडीन. तुमच्या सुनेने बोललंय, तब्येत बिघडली तर उघडायचं. मी वचन तोडलं नाय असं होईल."

"मी नाटक करणार नाही."

"अरे, पिक्चरवाली करते तर."

"तिला पगार मिळतो."

बेन इतकी हसली की खुर्ची मागे सरकली. मग म्हणाली, "मी तशी पण चावी देणार नाय हां, बेन. तुमी पडाल, तर माझ्यावर येईल." ती बरोबर होती.

दिवाळी होऊन गेली. एका संध्याकाळी मुलगा खांद्यावर पोतं घेऊन वर आला. घामाघूम. पोतं स्वयंपाकघरात टाकलं आणि माझ्याकडे बघून हसला, लहानपणी नदीवरून मासे आणले की हसायचा तसा.

"आई, ओळख काय आहे."

मला वासानेच कळलं. नवा तांदूळ. आमच्या शेतातला. पुतण्याने हायवेपर्यंत आणून दिला होता.

"तुला इथलं गोड लागत नाही ना? आता रोज घरचा भात खा," मुलगा म्हणाला. सुनेने लगेच कुकर लावला. पहिली शिट्टी झाली तेव्हा मी उठून माझ्या कॉटवर जाऊन पडले. जेवायला हाक आली, मी म्हटलं भूक नाही.

इथे नव्याचं सांगायला हवं. आमच्याकडे नवं भात घरात आलं की आधी नवं करतात. भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान आणि कुरडूचं फूल एकत्र बांधून दाराच्या चौकटीला लावतात. नव्या तांदळाचा गुळाचा भात करतात, एक घास चुलीला, एक कणगीला, एक गाईला. मग घरातली मोठी बाई पहिला घास खाते आणि सगळ्यांना वाढते. तोपर्यंत नवा दाणा कोणी तोंडात घालत नाही. आणि चुकून आधी शिजलाच, तर त्या चुलीवरचं मोठ्या बाईने खायचं नाही, नवं होईपर्यंत. हे माझ्या सासूने मला सांगितलं. सासू गेल्यापासून मोठी बाई मी. घरी माझी चूल थंड होती, मी इथे, मग नवं कोण करणार? आणि मुलाने तोच तांदूळ कुकरला लावला, तेही मला खूश करायला.

मी त्याला सांगितलं नाही. मला वाटलं त्याला आठवेल. लहान असताना पहिल्या घासासाठी माझ्या मांडीवर चढायचा तो. आणि सांगितलं असतं तर म्हणाले असते, इथेच करून टाक ना आई, गॅसवर. मग मी कायमची इथली झाले असते. गुळाच्या भाताची एक वाटी आणि संपला विषय.

मी त्या शेगडीवरचं खाणं सोडलं. चहासुद्धा. सून सकाळी डब्यात भाकरी-भाजी ठेवून जायची, ती मी संध्याकाळी तशीच परत द्यायचे.

"आई, तिखट झालं का?"

"नाही."

"मऊ खिचडी करू?"

"नको."

मुलगा म्हणाला, "ॲसिडिटी असेल." गोळ्या आणल्या. त्या शेगडीवर शिजवलेल्या नव्हत्या म्हणून त्या मी खाल्ल्या.

खरं कारण फक्त बेनला सांगितलं.

"पण तो तर गॅस आहे," ती म्हणाली. "गॅसला शुं खबर, भात जूना छे के नवा?"

"चूल ती चूल."

"मी बोलू तुमच्या सुनेला?"

"बोललात तर मी आतलं दारही लावून घेईन. एकट्या बघा पिक्चर."

ती बोलली नाही. पण मला खायला द्यायला लागली. केळं जाळीतून सहज यायचं. चिकू लहान असला तर यायचा, मोठा असला तर मध्येच अडकायचा, मग ती बाहेरून ढकलायची आणि मी आतून ओढायचे, आणि अर्धा लोखंडालाच माखायचा. खाखरा तर जाईचना. तो तिने मोडून मोडून एकेक तुकडा सरकवला.

"जेलमध्ये पण आख्खी रोटी देतात," ती म्हणाली.

पिक्चर चालूच होते. मला मात्र आता लाथा-बुक्क्यांत रस राहिला नव्हता. मी गोदामाचं दार बघायचे. पत्र्याचं, वर गंज, खाली फट. फटीतून बुटांची सावली आली की पोरगी डोळे मिटून पडायची. माझ्या दाराच्या फटीतून बेनच्या सपाता दिसायच्या. संध्याकाळ झाली की मला वाटायचं, मी इथेच मरणार, या टाइल्सवर, आणि मला खाली न्यायलाही खुर्चीच लागणार.

केळ्या-चिकूवर म्हातारं अंग किती दिवस चालणार. एका दुपारी पिक्चर ऐन रंगात आलेला. पोरीला साखळीने बांधलेलं, आणि गुंड तिच्यापुढे बसून नूडल्स खात होता. मी बेनला सांगायला जाळीपाशी उठले की हा आता मरतो बघा, आणि जाळी माझ्यापासून लांब गेली. मी खाली बसले. बसले म्हणजे घसरले. काठी आडवी पडली, हात पोटाशी आला.

पलीकडून टाळी वाजली.

"वाह, बेन! एकदम असली! बोंब पण मारा!"

मला बोलता येईना.

"अजून थोडं मोठ्याने करा, वरच्या माळ्यावाल्यांना पण ऐकू गेलं पाहिजे. साक्षीला होईल."

मी जाळीला डोकं टेकलं. लोखंड गार लागलं, तेवढं आठवतं. मग बेनचा आवाज बदलला.

"बेन? ओ बेन! नाटक करता ने? बोला ने!"

मग ती धावली. त्या गुडघ्यांनी. चावी काढताना खिळा भिंतीतून निघून आला, तो चावीसकट तिच्या हातात होता. कुलूप तिला उघडेना, तोंडाने देवाचं चाललं होतं. शेवटी दार उघडलं. बाहेरून. आणि मी लाथ मारली नाही, मी तिच्या पायावर पडले. आमच्या दोघींच्या मागे दोन टीव्हीवर ती पोरगी साखळीने लोकांना बडवत होती.

डॉक्टर आला, साखर खाली गेलीय म्हणाला, सलाईन लावली. सून शाळेतून तशीच आली, बोटांना खडू लागलेला. बेनने तिला सगळं सांगून टाकलं. सांगताना रडली, आणि मला म्हणाली, "आता लावून घ्या तुमचं दार."

सून कॉटच्या कडेवर बसली.

"आई, एवढंच होतं, तर बोलायचं ना!"

"बोलून काय झालं असतं?"

"नेलं असतं."

"घरी जायचंय असं मी किती वेळा बोलले?"

ती उठली. तिने तांदळाचं पोतं बांधून बाल्कनीत नेऊन ठेवलं, आणि मला शेजारच्या शेगडीवरची पेज आणून भरवली. पेज गोड होती. गुजराती पेज.

रविवारी ते मला घरी घेऊन गेले. मी सोबत गूळ घेतला. आशागडवरून हायवेला लागलो, देवीचं देऊळ आलं, ती नारळवाली फळीवर बसलेली दिसली. मी तिला हात केला नाही. तलासरीनंतर डोंगर दिसायला लागला तसा माझा पाय दुखायचा थांबला. मी ठरवलं होतं, एकदा ओट्यावर बसले की उठायचं नाही. ओढून नेऊ देत, मग बघते.

गाडी अंगणात थांबली आणि उतरायच्या आधीच मला दिसलं. माझ्या दाराच्या चौकटीला लोंब्या बांधलेल्या होत्या. आंब्याचं पान वाळून वळलेलं. नायलॉनच्या दोरीने बांधलेलं. मी सुतळीने बांधते.

नवं झालं होतं. कधीच झालं होतं. तो तांदूळ डहाणूला आला तोच नवं होऊन आला होता. मी उगाच उपाशी मरत होते.

जाऊ हात पुसत आली, पाया पडली.

"बाई, किती वाळलात! शहरात खायला घालत नाहीत का?"

"नवं कोणी केलं?" मी विचारलं.

"मीच केलं. भात कापून झालं, पोरं खाऊ का खाऊ का करायला लागली. मी फोन केला होता ना. म्हटलं, बाई येणार आहेत का, का मी करू? तर तुमचा पोरगाच बोलला, काकी, आई आता इकडेच, तूच कर."

मुलगा गाडीच्या चाकाकडे बघत होता.

"मला वाटलं तुला सांगितलं," तो म्हणाला.

मी माझ्या खोलीचं दार लोटलं. आत पोती रचलेली, आणि मध्ये पुतण्याची मोटारसायकल उभी. माझी कणगी कोपऱ्यात होती, तिच्यावर हेल्मेट ठेवलेलं. जाऊ मागून म्हणाली, "उंदीर फार झालेत हो, म्हणून इथे ठेवलं भात. सांगितलं असतं तर काढून घेतलं असतं." मी पुढे गेले, विहिरीकडचा उतार बघितला. तिथे काठी टेकून उभी राहिले. उतार पूर्वी होता तेवढाच होता. मला आता तो जमणार नव्हता. पाणी वर आणायला कोणीतरी लागणार, आणि ते कोणीतरी म्हणजे जाऊ, तिलाही धाप लागते.

जेवायला पहिलं पान मला वाढलं. पाहुण्यांना आधी वाढतात तसं. भूक लागली होती, मी खाल्लं. भात चांगला शिजला होता. आणलेला गूळ मी जावेच्या हातात दिला. ती म्हणाली, "कशाला आणलात? आहे ना घरात."

उन्हं कलल्यावर मुलगा म्हणाला, "आई, निघायचं?" त्याचा आवाज बारीक झाला होता. त्याला वाटलं मी ओटा धरून बसेन. मी उठले आणि गाडीत जाऊन बसले. ओढायला कोणाला काही राहिलं नव्हतं.

तलासरी गेलं, देऊळ जवळ आलं. मग मी म्हटलं,

"चावी पाहिजे."

"कसली चावी?" मुलाने विचारलं.

"दाराची. एक तुमच्याकडे असू दे, एक माझ्याकडे. कुलूप मला विचारून लावायचं."

पुढच्या सीटवरून सून वळली. "आणि आई, तुम्ही परत निघून गेलात, तर?"

"कुठे जाऊ?"

मी टोमणा मारला नव्हता. खरंच विचारलं होतं. सुनेने पर्समधून जुडगा काढला आणि नखाने कडी उघडायला लागली. कडी घट्ट होती. देवळाचा कळस मागे पडला, गाडी आशागडच्या रस्त्याला वळली, तरी ती नख मोडेपर्यंत तेच करत होती. शेवटी चावी निघाली. तिने ती माझ्या तळहातावर ठेवली. गरम झालेली होती.

वर मला खुर्चीतूनच न्यावं लागलं.

सोमवारी ती दोघं कामावर गेली. जाळी नुसती लोटलेली. मी सकाळभर एकदाही बाहेर गेले नाही. खिडकीतून चिकूचे शेंडे बघितले. बाल्कनीतलं पोतं पुन्हा स्वयंपाकघरात आलं होतं, त्यातला भात खाल्ला. दुपारी समोरून हाक आली.

"बेन! चालू थयुं!"

मी उठले. काठी घेतली, जाळी उघडली, बाहेर आले. मग मागे वळून कुलूप लावलं आणि ओढून बघितलं. आत कोणी नव्हतं. चावी कमरेला खोचली. जिना खाली उतरत गेलेला दिसला, पहिला वळसा, पुढे काळोख. थोडा वेळ मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. खुबा ठणकत होता.

बेनने दुसरी खुर्ची ओढली. तिच्या भिंतीत खिळ्याच्या जागी भोक पडलं होतं.

"कुलूप कशाला लावलं?" ती म्हणाली. "मी तर इथेच बसली आहे."

"सवय."

तिने केळं सोलून अर्धं माझ्या हातात दिलं. टीव्हीवर तेच गोदाम होतं, तेच पत्र्याचं दार, पोरगी नवी.

"सुरुवात गेली का?" मी विचारलं.

"काय नाय गेलं. बसा, बसा. छोकरी अजून आतच आहे."